कंसराव लिस्प निवडतात

कंसरावांना आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, पण ते आता पगाराच्या पावतीपुरतंच उरलंय. कंसराव हे नाव बायकोनं ठेवलं. लग्न होऊन ती घरात आली आणि एक दिवस सहज त्यांच्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावली, तर काय, ओळ सुरू होतेय कंसानं, संपतेय कंसानं, आणि अगदी शेवटी कंसांची अशी रांग, की सिनेमाच्या तिकिटालाही लागत नाही. तिनं विचारलं, हे काय? ते म्हणाले, लिस्प, शिकायची आहे. शिकायची आहे हे तेव्हापासून ते दरवर्षी म्हणत आलेत. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

लिस्प म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. जुनीजाणती आहे, आणि तिच्या बोलीही चिक्कार. कॉमन लिस्प, स्कीम, रॅकेट, क्लोजर, आणखी कितीतरी. या बोली बोलणारे लोक एकमेकांचे भाऊबंदच, म्हणून वागतातही तसेच: तोंडावर गोड आणि पाठीमागे वाटणीवरून भांडण. कंसराव पोटापाण्यासाठी भलत्याच भाषेत विमा कंपनीचे प्रोग्राम लिहायचे, पण मन लिस्पवर. आता मन असून भागतं का? कुठली बोली शिकायची ते आधी ठरायला नको? आणि नुसती शोभेची नको, रोजच्या कामाला येईल अशी हवी. या ठरवण्यात वर्षं गेली. कुणाचं काही अडलं नव्हतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

मग अण्णांची वाचा गेली, आणि अडलं.

अण्णा म्हणजे कंसरावांचे वडील. उभा जन्म बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत माइकसमोर गेला. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे सांगायचं काम. आवाज असा खणखणीत, की बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि आपली गाडी नसली तरी तिच्यात जाऊन बसायचा. निवृत्त झाल्यावरही बाजारात त्यांनी तोंड उघडलं की मागून कुणीतरी म्हणायचंच, तुम्ही स्टँडवरचे ना? अण्णा दिवसभर खूश. घरात तर बोलण्याला खंड नव्हता. बातम्या देणाऱ्याशी वाद घालायचे, शेजाऱ्याच्या कुत्र्याची चौकशी करायचे, दार कुरकुरलं तर त्यालाही उत्तर द्यायचे.

कंसराव शाळेत असताना त्याच स्थानकातून जायचे. शाळेवरून जाणाऱ्या दोन गाड्या शेजारी शेजारी लागायच्या, आणि कंसराव दोघींच्या मधोमध दप्तर घेऊन उभे. हिची खिडकी चांगली, तिचा ड्रायव्हर चांगला, हीत बसू की तीत? धरसोड जन्माची. काचेच्या आतून अण्णांना हे ध्यान रोज दिसायचं. माइकवरून घरचं काही बोलायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, असा तिथला नियम. मग अण्णा आपले सगळ्यांना विचारल्यासारखं विचारायचे, "बसला का सगळे?" सगळे केव्हाच बसलेले असायचे. खाली राहिलेलं असायचं ते एवढंसं कार्टं. ते धावत जी जवळ असेल त्या गाडीत चढायचं आणि खिडकीतून काचेकडं बघून हात वर करायचं. मग गाडी सुटायची.

तर अशा माणसाच्या मेंदूला झटका आला. जीव वाचला, समज शाबूत, डावा हात चालता, पण जीभ वळेना. गळ्यातून निघायचा तो नुसता घोगरा सूर, आणि तो स्वतःच्या कानावर पडला की अण्णा तोंड घट्ट मिटून घ्यायचे. हॉस्पिटलनं चित्रांचा एक पुठ्ठा दिला. पाण्याचा पेला, पलंग, संडास. बोट ठेवायचं आणि मागायचं. अण्णांनी तो असा भिरकावला, की कपाटाखाली गेला तो अजून तिथंच आहे. मग फोनवरचं ॲप आणलं. त्यातली बटणं तांदळाएवढी, आणि दाबलंच एखादं तर आतली बाई म्हणणार, मला पाणी हवे आहे. अण्णा जन्मात असं बोलले नव्हते. त्यांनी फोन उपडा घातला आणि भिंतीकडं तोंड केलं.

जिभेचे व्यायाम घ्यायला थेरपिस्ट बाई यायच्या. त्यांनी कंसरावांना जिन्यात गाठून स्पष्टच सांगितलं. जीभ थोडी वळेल, न वळेल, भीती तिची नाही. बोलायची सवय मोडली की माणूस आतूनच गप्प होतो, आणि मग त्याला बोलतं करणं कुणाच्या हातात राहत नाही. त्यांच्यासाठी काहीतरी करा, पण लवकर करा.

वर येऊन अण्णांच्या पाठीला उद्देशून कंसराव म्हणाले, "अण्णा, तुम्हाला तुमच्याच भाषेत बोलणारं यंत्र करून देतो. कळ तुम्ही दाबायची, वाक्यं तुमची." भिंतीकडची मान जराशी हलली. तेवढ्यावर कंसराव त्या दिवशी पोटभर जेवले.

यंत्र कसं हवं याबद्दल शंकाच नव्हती. एका कळीला एक वाक्य, आणि वाक्यं अण्णांच्या लहरीप्रमाणं बदलणार, म्हणजे चालू प्रोग्राम बंद न करता त्यात भर घालता आली पाहिजे. धावत्या गाडीचं चाक बदलायचं काम. यात लिस्पचा हात धरणारं फारसं कुणी नाही, हे काही नुसतं कंसरावांचं वेड नव्हतं, खरंच तसं आहे. म्हणजे देवानंच योग जुळवून आणला. आता लिस्प शिकायचीच. फक्त कुठली, तेवढं ठरवायचं राहिलं.

झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

रविवारी त्यांनी दोन माणसांना घरी बोलावलं. एक जुने साहेब, म्हणजे त्यांचे निवृत्त झालेले वरिष्ठ, कॉमन लिस्पचे पक्के. दुसऱ्या टीमलीड बाई, म्हणजे आताच्या वरिष्ठ, त्या क्लोजरच्या. बैठक बाहेरच्या खोलीत, आणि अण्णांचा पलंगही तिथंच. साहेब म्हणाले, कॉमन लिस्पमध्ये लागेल ते सगळं घरातच आहे, आपण तरुणपणी लिहिलेला प्रोग्राम आजही जसाच्या तसा चालतो. बाई म्हणाल्या, चालतो हो, पण जोडीला माणसं कुठं मिळतात? क्लोजर जावा या दुसऱ्या मोठ्या भाषेच्या यंत्रणेवर चालते, जावासाठी जगानं जे जे करून ठेवलंय ते सगळं आयतं हाताशी. साहेब म्हणाले, जावाचं ओझंही आयतंच मिळतं की. कंसरावांनी भीत भीत स्कीमचं नाव काढलं, छोटी आहे, स्वच्छ आहे, लवकर कळते. तेव्हा मात्र साहेब आणि बाई पहिल्यांदा एक झाले: कळते लवकर, पण घरात भांडी नाहीत, चमच्यापासून सगळं आपणच घडवत बसायचं. मग रॅकेट निघाली. तिच्यात खिडक्या-बटणांची सोय तयार मिळते हे दोघांनी कबूल केलं. पण साहेबांना ती शाळेतली वाटली, आणि शाळेतली म्हणजे वाईट का यावर बाईंनी नवा वाद काढला. चहा संपला, वाद उरला. या सगळ्या गोंधळात अण्णांनी भिंत सोडून कूस बदलली होती आणि कुस्ती बघावी तसे ते इकडून तिकडं बघत होते. हे फक्त सूनबाईच्या लक्षात आलं.

घरी येऊन भांडलेले दोघं पुरेनात म्हणून कंसराव इंटरनेटवरच्या मंडळींत शिरले. तिथं तर काय, भांडायला माणसं रांगेत उभी. रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरं, टाइप करून बोटं दुखायला लागली. पण कंसराव प्रोग्रामर ना. ते दिवसभर ज्यात लिहायचे त्या एडिटरचं नाव ईमॅक्स. हवी ती सोय त्यात आपली आपण करून घेता येते, आणि घरात खिळा ठोकावा, दोरी बांधावी तशा बारीकसारीक सोयी कंसराव वर्षानुवर्षं करत आले होते. त्या लिहायच्या असतात ईमॅक्सच्या पोटातल्या एका घरगुती लिस्पमध्ये. साहेब तिला लिस्प म्हणत नसत, बाई तिला भाषाच म्हणत नसत, आणि कंसरावांनी तर तिला विचारातच घेतलं नव्हतं.

तर एका दुपारी त्यांनी अशीच एक सोय करून टाकली. एक कळ दाबली की आख्खं वाक्य उमटायचं. "याचा व्यवहारात उपयोग काय?" ही एक कळ. "आधी चालवून दाखवा, मग बोला," ही दुसरी. "तुमच्या मताचा आदर आहे, पण ते चूक आहे," ही सगळ्यात जास्त झिजलेली. शिवाय "ते पुढच्या आवृत्तीत बघू," आणि "पन्नास वर्षं झाली, अजून चालतंय." वाचून वाचून डोळे शिणायचे, म्हणून उमटेल ते मोठ्यानं वाचून दाखवायचीही सोय केली. आवाज मिळाला तो नुकतीच नोकरीला लागलेली एखादी मुलगी बोलावी तसा, नम्र आणि गोड. ती मुलगी मग सकाळ-संध्याकाळ त्या घरात लिस्पवरून भांडू लागली. ही सवत आणखी किती दिवस बोलणार आहे, असं बायकोनं विचारलंदेखील. कंसराव म्हणाले, बोली ठरली की लगेच बंद करतो, मग अण्णांच्या यंत्राला हात घालायचाच आहे.

आठवडे गेले. अण्णा पुन्हा भिंतीकडं वळले. घोगरा सूरही काढेनासे झाले. थेरपिस्ट बाई यायच्या, आरसा धरायच्या, आणि अण्णा आरशात न बघता छताकडं बघायचे. जाताना बाई कंसरावांशी बोलेनाशा झाल्या, तेव्हा बायकोचा पारा चढला.

तिचं चष्म्याचं दुकान होतं, स्वतःचं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढं एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, ही बरी की ही? काही गिऱ्हाइकं अशी, की पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा, आणि शेवटी रडकुंडीला येऊन म्हणतात, दोन्ही सारख्याच वाटतात. तिचा नियम सोपा होता. समोरची पाटी वाचता आली ना, मग डोळ्यापुढं जी असेल ती तुमची काच. हे तिनं कंसरावांना समजुतीनं सांगून झालं होतं. त्या दिवशी समजूत संपली.

"तुमचं काय ठरायचं ते ठरू दे नाहीतर खड्ड्यात जाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही शब्द दिला तेव्हा त्यांनी मान हलवली होती. आता तीही हलवत नाहीत. तुम्ही बघता तरी का त्यांच्याकडं?"

कंसरावांना लाज वाटली, खरी वाटली. निदान मोठ्या कळांचा एक कीबोर्ड तरी आणू, म्हणून कॉम्प्युटर नेहमीच्या जागी, अण्णांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, तसाच उघडा टाकून ते पायात चपला सरकवून बाहेर पडले.

परत येताना जिन्यातच त्यांना त्या मुलीचा आवाज ऐकू आला. "याचा व्यवहारात उपयोग काय?"

बंद करायचं राहिलं वाटतं, असं ते मनाशी म्हणतायत तोवर बायकोचा आवाज आला. "उपयोग आहे म्हणूनच डॉक्टरांनी दिलंय. घ्या बघू मुकाट्यानं."

"तुमच्या मताचा आदर आहे, पण ते चूक आहे," मुलगी म्हणाली.

कंसराव दारातच थबकले. अण्णा उशीला टेकून बसले होते. टेबल मांडीजवळ ओढलेलं, डावा हात कळांवर. सूनबाई समोर गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी. तिनं विचारलं, बरं, मग जेवण झाल्यावर घ्याल का? अण्णांनी कळा शोधल्या, सावकाश एक दाबली, आणि मुलीनं गोड आवाजात सांगितलं की ते पुढच्या आवृत्तीत बघू. सूनबाई मटकन खालीच बसली. हसून हसून पेल्यातलं पाणी तिच्या अंगावर सांडलं. "अहो, वय काय तुमचं आणि हट्ट काय हे," ती कसंबसं म्हणाली.

"पन्नास वर्षं झाली, अजून चालतंय."

अण्णांचे खांदे गदागदा हलत होते. गळ्यातून तोच घोगरा सूर निघत होता, चांगला मोठ्यानं, आणि या वेळी त्यांनी तोंड मिटून घेतलं नाही. इतके दिवस पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी कंसरावांची भांडणं ऐकली होती, आणि कुठली कळ दाबली की मुलगी काय बोलते, हे चोरून मान वळवून बघत पाठ करून टाकलं होतं. जन्मभर ठरावीक वाक्यं हव्या त्या वेळी बोलून पोट भरलेला माणूस तो. त्याला याहून जास्त काय लागतं?

कंसरावांचे डोळे भरून आले. पण स्वभावाला औषध नाही. कीबोर्डचा खोका छातीशी धरून ते पहिलं वाक्य बोलले ते हे: "पण हे ईमॅक्सच्या लिस्पमध्ये आहे."

बायकोनं डोळे पुसत विचारलं, "म्हणजे ती लिस्पच ना? किती वर्षं लिहिताय तिच्यात?"

"बरीच. पण ती काही शिकायची म्हणून—" कंसराव अडखळले. "हे आपलं तात्पुरतं आहे. मी नीट ठरवून चांगल्या लिस्पमध्ये पुन्हा लिहितो."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. "नाकावर चष्मा ठेवून चष्मा विकत घ्यायला येणारी माणसं मी रोज बघते. एक माझ्याच घरात निघावं?"

यावर कंसराव काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी त्यांच्याकडं बघत कळ दाबली. "आधी चालवून दाखवा, मग बोला."

तिथून पुढं ठरवायचं काही राहिलंच नाही. कंसराव खाली बसले, मोठ्या कळांचा कीबोर्ड जोडला आणि जुनी वाक्यं काढून अण्णांची घालायला लागले. अण्णा एका बोटानं वाक्य लिहीत, कंसराव ते एकेका कळीला बांधत. प्रोग्राम एकदाही बंद करावा लागला नाही. चाक बदललं आणि गाडी धावत राहिली. अण्णांचं पहिलं स्वतःचं वाक्य होतं, "ही पोरगी फार हळू बोलते." तिला जरा घाई शिकवली. मग आलं, "सूनबाई, दिवा घालव, बिल माझ्या मुलाला येतं." मग, "कुत्रा आज भुंकला नाही, चौकशी करा." एक जुनं वाक्य मात्र अण्णांनी काढू दिलं नाही. पुढच्या रविवारी साहेब आणि बाई यंत्र बघायला आले, दारातच हमरीतुमरीवर आले, आणि पलंगावरून दोघांनाही एकदमच कळलं की त्यांच्या मताचा आदर आहे, पण ते चूक आहे. यंत्र कुठल्या लिस्पमध्ये केलंय हे ऐकल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि चहा मागितला.

थेरपिस्ट बाई आल्या तेव्हा अण्णांनी आपण होऊन त्यांना आरसा धरायला सांगितला. बाई जाताना कंसरावांशी बोलल्या, आणि बराच वेळ बोलल्या.

सगळ्या कळा भरल्या, फक्त खालची लांबडी कळ तेवढी मोकळी राहिली. तिला काय बांधायचं हे अण्णा सांगेनात. ती मी बांधणार, तू फक्त कशी ते शिकव, असं त्यांनी लिहून दाखवलं. कंसरावांनी शिकवलं. एकच ओळ होती, पण डाव्या हाताच्या एका बोटानं लिहायची म्हणजे दुपार गेली. शेवटचा कंस राहिला तेव्हा ईमॅक्सनं कुरकुर केली, अण्णांनी घोगऱ्या सुरात तिला काहीतरी उत्तर दिलं आणि कंस घातला. वाक्य काय आहे ते कंसरावांना बघू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामं आटोपून कंसराव ऑफिसचा कॉम्प्युटर घेऊन कोपऱ्यातल्या दुसऱ्या टेबलाशी बसले, अण्णांकडं पाठ करून. आता कुणाचं काही अडलेलं नव्हतं. आता आपल्यासाठी, निवांत, नीट बघून एकदा ठरवून टाकू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. एका खिडकीत कॉमन लिस्प उघडली, दुसरीत क्लोजर, तिसरीत रॅकेट, आणि स्कीमवर अन्याय नको म्हणून चौथी. हिचं हे चांगलं, तिचं ते चांगलं. मान इकडून तिकडं, तिकडून इकडं. बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि कपाळावर हात मारला. मागं पलंगावर उशी सरकल्याचा आवाज झाला.

मग ती मुलगी बोलली. खणखणीत नाही, गोडच, पण खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी.

"बसला का सगळे?"

खोलीत बसायचे राहिलेले असे दुसरे कुणीच नव्हते. कंसरावांचा हात जागीच थांबला. मग त्यांनी एक खिडकी बंद केली, दुसरी केली, तिसरीही केली. जी उरली ती कुठली होती असं मला विचारू नका, जवळ होती ती. तिच्यात त्यांनी पहिला कंस उघडला, आणि मागं वळून न बघता हात वर केला.